टोपीतल्या चिठ्ठ्या आणि जांबोटीचा कौल

आम्ही कॉलेजच्या इंटरच्या वर्गातले तीन-चार जुने सोबती अजून भेटतो. गणित सगळेच विसरलो आहोत. पण गणिताच्या तासाला कुणाची कशी बोबडी वळली, हे मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचं पाठ आहे. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि चहा थंड होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. बेळगावात आम्हाला प्रॉबेबिलिटी, म्हणजे शक्यतेचं गणित, शिकवायला कुलकर्णी सर होते. फळ्यावर गणित कोण सोडवणार, हेसुद्धा ते आपल्या काळ्या टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरवत. टोपी डोक्यावरून उतरली की वर्ग एकदम चिडीचूप!

जांबोटीचा परशराम, म्हणजे आमचा परशा, सोमवारी सापडला. मंगळवारी गडी निवांत. "काल मी गेलतो रं फळ्याकडं. आज माझं नाव येत न्हाय."

सरांनी चिठ्ठी उलगडली. परशराम!

"सर, काल बी मीच हुतो!"

"कालची चिठ्ठी मी परत आत टाकली. टोपीला कालचं आठवत नाही!"

बुधवारी परशा सगळी गणितं करून आला. चिठ्ठी निघाली माझी.

*

सहामाहीचे पेपर सरांनी वर्गातच तपासायला घेतले. गठ्ठ्यातले वरचे तीन पाहिले. तिन्ही नापास! सरांचा चेहरा बदलला. "हाच वर्गाचा नमुना असेल, तर परीक्षेचे फॉर्म एकाचेही पाठवणार नाही."

पेपर गोळा करताना मागचे बाक शेवटी घेतले होते, त्यामुळं वरचे तिन्ही मागच्या दिवट्यांचे होते. त्यातला एक माझा, म्हणून मी गप्पच होतो.

उठला तो भरमू. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा पोरगा, जैन, बोलायला एरवी भित्रा. "सर, आमचे वडील तंबाखूचा बोद, म्हंजे गठ्ठा, नुस्ता वरनं बघून घेत न्हाईत."

"मग?"

"कोपरापर्यंत हात घालतात, सर. तुम्ही बी घाला!"

सरांनी खरंच गठ्ठ्याच्या मधोमध हात घातला आणि एक पेपर ओढला. परशाचा! एक मार्क कापायला जागा नव्हती. फॉर्म सगळ्यांचे गेले.

*

माझं दुखणं वेगळं. नाणी उडवायच्या गणितात 'निदान दोन छापे' असं विचारलं की मी 'नेमके दोन' काढायचो. पेपरावर सरांचा लाल शेरा ठरलेला: "आधी प्रश्न काय विचारलाय?"

एकदा खडेबाजारात मी अण्णांबरोबर होतो आणि समोरून सर आले. पळायला बोळही नव्हता. अण्णांनी हात जोडून विचारलं, "मास्तर, आमचा पोरगा पास हुईल का?"

सर म्हणाले, "आधी प्रश्न काय विचारलाय? तो पास होईल का, की मी त्याला पास करीन का?"

अण्णा म्हणाले, "दुसरा."

"नाही!"

अण्णांनी भर बाजारात माझा कान धरला. त्या वर्षी मी पास झालो तो त्या धास्तीनंच.

*

मग एका सोमवारी परशाला घरून पत्र आलं. चुलत्याचा मुलगा लष्करात भरती झाला होता, औत धरायला माणूस नव्हतं. चुलता म्हणत होता, परशाला घरी आणा. वडील काहीच बोलत नव्हते. शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं.

सरांना कौल माहीत नव्हता. परशानं सांगितलं, "देवीच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओलं फूल चिकटवतो, सर. घरचा कर्ता प्रश्न इचारतो. उजवं आधी पडलं की व्हय, डावं पडलं की न्हाय. असं तीनदा. दोनदा येईल ते खरं."

सवयीनं सरांनी फळ्यावर गणित मांडलं. तीनपैकी निदान दोनदा उजवं. उत्तर आलं निम्मं.

"म्हंजे माझं कॉलेज निम्मं, सर?"

वर्गात पहिल्या नंबराचा पोरगा, आणि असं विचारत होता! सरांनी फळा पुसला, पण उत्तर सगळ्यांनी पाहिलं होतं.

*

कौलाच्या दिवशी सर जांबोटीला निघाले. मी आणि परशा बरोबर. शेवटची वाट पायी, गुडघाभर चिखलातून.

देवळात चुलता पुढं बसला होता. परशाचे वडील, तुकाराम आप्पा, हात जोडून उभे. गुरवानं फुलं लावली.

"आई, पोरगं शिकू दे का?"

उजवं पडलं. परशानं माझा दंड धरला.

दुसऱ्यांदा तोच प्रश्न. डावं पडलं. चुलता सरसावून बसला.

तिसऱ्यांदा गुरवानं फुलं लावली आणि बाजूला झाला. आप्पा बोलेनात. नुसते देवीकडं टक लावून उभे. परशाची नखं माझ्या दंडात रुतली होती. सरांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"दादा, इचार की!" चुलता खेकसला.

तेव्हा आप्पा घाईघाईनं म्हणाले, "आई, परशाला औताला जुंपू का?"

डावं फूल टप्पकन पडलं!

"डावं! संपलं!" चुलता ओरडला.

"थांबा," गुरव म्हणाला. "इचारलं काय हुतं? औताला जुंपू का. आई न्हाय म्हणाली. पोरगं शिकणार!"

परशा तिथंच मटकन बसला आणि रडायला लागला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू!

आप्पा आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आले. सर म्हणाले, "आप्पा, आज माझा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या वेळी शक्यता अगदी निम्मी होती."

आप्पांनी पटका सारखा केला. "तुमच्या वहीत आसंल निम्मी, मास्तर. डावं फूल मगाधरनं सुटत आलतं."