प्रोसेसरचा पंखा आणि आईंच्या टिकल्या

चाळिशी उलटली की बायका योगाला जातात, मी गिटार घेतली. मी दातांची डॉक्टर. रायपूरच्या समता कॉलनीत खाली दवाखाना आणि वर घर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घातल्यावर संध्याकाळी हाताला असं काहीतरी हवं असतं जे थुंकत नाही, असं मी नवऱ्याला समजावून सांगितलं. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण तो म्हणाला, "शिक मग. माझ्या गाण्याला साथ होईल." तो वीज खात्यात आहे आणि हळवी गाणी गातो. इतकी हळू गातो की पहिल्या रांगेतल्यांनाही थोडं पुढे वाकावं लागतं.

तिसरा गडी आमचा ड्रमवाला भैया. त्याचं घराणं मराठ्यांच्या काळापासून रायपुरात. घर पुरानी बस्तीत, धंदा भनपुरीत, ट्रकच्या दुरुस्तीचा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देतो. रविवारी दवाखाना बंद असला की आम्ही तिघे पेशंट बसतात त्या खोलीत, हिरड्यांच्या आजारांच्या पोस्टरखाली, सराव करायचो.

माझं सगळं वाजवणं एका डब्यावर चालायचं. परातीएवढा काळा लोखंडी डबा, वर पायाने दाबायची बटणं. गिटारची वायर त्यात खुपसायची, बटण दाबायचं, की तीच गिटार कधी मधासारखी वाजते, कधी करवतीसारखी. याला गिटार प्रोसेसर म्हणतात. मी त्यातल्या आवाजांना माझ्या धंद्यातली नावं दिली होती. सगळ्यात कर्कश आवाजाचं नाव होतं 'अक्कलदाढ'.

एका दुपारी ज्यांच्या दाढेत चांदी भरायची होती ते पेशंट घाबरून आलेच नाहीत. रिकामा वेळ मिळाला म्हणून मी प्रोसेसरचं फर्मवेअर अपडेट केलं. फर्मवेअर म्हणजे त्या डब्याच्या डोक्यातला मूळ प्रोग्राम. कंपनी म्हणत होती, नवीन घ्या, नवे आवाज मिळतील. पडद्यावरची रेघ सरकत सरकत शेवटाला गेली, डबा बंद होऊन परत सुरू झाला, आणि मी खूश होऊन तो उचलून वर नेला. जेवणाच्या खोलीतल्या कोपऱ्यात त्याची जागा होती. तिथे मी फावल्या वेळात हेडफोन लावून वाजवायची आणि तो दिवसभर चालूच राहायचा.

काही बिघडलंय हे मला कळलंच नाही. दातांच्या डॉक्टरचे कान म्हणजे नावालाच. ड्रिल आणि लाळ ओढायचं मशीन ऐकून ऐकून बारीक आवाज माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. बिघाड शोधला सासूबाईंनी, आणि तोही कानाने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हातात स्टीलचं पातेलं घेऊन आल्या. "तुह्या डब्याले काय झालं व?"

"काय झालं, आई?"

"दही नाही लागून राहिलं."

मी पातेल्यात पाहिलं. दूध होतं तसं होतं. मग कळलं ते असं. थंडी पडल्यापासून आई विरजण लावलेलं पातेलं माझ्या प्रोसेसरच्या मागे ठेवत होत्या, कारण तो दिवसभर गरम असायचा. दही घट्ट लागायचं. गेला महिनाभर आम्ही जे दही वाखाणून खात होतो ते एका जपानी की चिनी यंत्राच्या पाठीवर तयार झालेलं होतं. आता त्या यंत्राच्या मागून गार वारा येत होता.

"पंखा चालू झाला त्याच्यातला," आई म्हणाल्या. "काल दुपारपासून घुं घुं करून राहिला. मले वाटलं तुले माहीत असन."

मी कान लावला. खरंच, आतला छोटा पंखा पूर्ण जोरात फिरत होता. पीठ चाळायच्या चाळणीत माश्या कोंडल्यासारखा आवाज. मी गिटार वाजवत नव्हते, डबा नुसता पडून होता, तरी पंखा थांबत नव्हता.

मग माझे उपाय सुरू झाले. डबा गालिच्यावरून काढून फरशीवर ठेवला, म्हणजे खालच्या जाळीतून हवा जाईल. पंखा तसाच. पडद्याचा उजेड कमी केला. पंखा तसाच. नेटवर गिटारवाल्यांची एक जागा आहे, जिथे पुरुष रात्रंदिवस एकमेकांना मूर्ख ठरवत असतात. तिथे एकाने लिहिलं, अपडेट अर्धवट बसलं असेल, परत करा. परत केलं. दुसऱ्याने लिहिलं, सगळं पुसून डबा कारखान्यातून आला तसा करा. माझे आवाज आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि तेही केलं. पंखा फिरतच होता. तिसऱ्याने लिहिलं की ज्याला पंख्याचा आवाज ऐकू येतो तो गिटार पुरेशी मोठ्याने वाजवत नाही. हा सल्ला मला मनापासून आवडला, पण नवऱ्याला वाचून दाखवल्यावर तो उठून गेला.

शेवटी कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर फार गोड होतं. त्यांनी माझे आभार मानले आणि कळवलं की हा बिघाड नाही, सुधारणा आहे. जुन्या प्रोग्राममध्ये पंखा फार उशिरा सुरू व्हायचा आणि यंत्र गरजेपेक्षा जास्त तापायचं. आता तो लवकर सुरू होतो. यंत्राचं आयुष्य वाढेल.

म्हणजे इतके दिवस यंत्र आतून भाजत होतं आणि आम्ही त्यावर दही लावत होतो.

इथे मी थांबले असते तर सगळं ठीक होतं. पण इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन आलं होतं, आणि त्यात आम्हा तिघांना तीन गाणी मिळाली होती. नवऱ्याचं म्हणणं, त्याच्या गाण्यातल्या हळव्या जागा पंखा खाऊन टाकेल. माइक पंख्याचा आवाज पकडतो हे त्याने सरावात मला ऐकवून दाखवलं. तेव्हा ड्रमवाला भैया म्हणाला, "दीदी, टेंशन मत लो. धूल बैठी होगी. मेरे यहाँ ले आओ, एक मिनट का काम है."

त्याचा स्वभाव असा की जगातली कुठलीही वस्तू त्याला शेवटी ट्रकच वाटते. भनपुरीच्या त्याच्या गॅरेजमध्ये त्याने डबा पालथा घातला, खालचे स्क्रू काढले आणि ज्या नळीने ट्रकच्या चाकात हवा भरतात ती नळी आणली.

"भैया, पंखा बोटाने धरून ठेवा," मी म्हणाले. हे मी नेटवर वाचलं होतं.

"अरे दीदी, इतना सा पंखा," तो म्हणाला, आणि हवा सोडली.

धूळ खरंच उडाली. पंखाही उडाल्यासारखा फिरला, शिट्टी वाजावी तसा, आणि मग बारीक 'कट' असा आवाज आला. आम्ही दोघांनी आत पाहिलं. एक पातं तुटून कोपऱ्यात पडलं होतं, कापलेल्या नखासारखं.

भैयाने ते पातं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाला, "बाकी के तो ठीक हैं."

बाकीची पाती ठीक होती हे खरं, पण तोल गेला होता. आता पंखा घुं घुं करत नव्हता, टरटरत होता. आधी माश्या होत्या, आता सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकला होता. नवा पंखा बाजारात शोधला, त्या मापाचा मिळेना. मागवला तर तो कार्यक्रमानंतर येणार. नवरा म्हणाला, "मी नुसत्या तंबोऱ्यावर गातो." मी म्हणाले, मग मी कशाला एवढी बोटं सोलून घेतली. त्याने तंबोरा काढला, मी हेडफोन लावले.

तोड आईंनी काढली. "डबा स्टेजवर ठेवतेच काहून? लांब ठेव. वायर लांब घे."

"पण बटणं पायाने दाबावी लागतात, आई. मधेमधे आवाज बदलावे लागतात."

"मी दाबीन," आई म्हणाल्या. "दर रविवारी वरतून ऐकून राहिली मी. मले पाठ आहे तुमचं सगळं."

त्यांना खरंच पाठ होतं. आम्ही रविवारभर तालीम केली. आईंना 'अक्कलदाढ' वगैरे नावं मान्य नव्हती. त्यांनी आवाजांना स्वतःची नावं दिली: साधा, रडका आणि कावळा. बटणं चुकू नयेत म्हणून त्यांवर आपल्या टिकल्या चिकटवल्या. साध्याला लाल, रडक्याला हिरवी, कावळ्याला काळी.

कार्यक्रम दुपारी होता, जेवणाआधी. विंगेत पडद्याआड टेबल, टेबलावर टरटरणारा डबा, समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर नव्या साडीतल्या आई. मी अशी उभी राहिले की त्या मला दिसाव्यात. मी मान हलवली की त्यांनी बटण दाबायचं, असं ठरलं होतं.

पहिलं गाणं ठरल्याप्रमाणे झालं. टरटर स्टेजपर्यंत आली नाही. नवऱ्याचा चेहरा उजळला.

दुसऱ्या गाण्यात मधे मला एकटीला वाजवायचं होतं. त्या तुकड्यावर मी थंडीभर मेहनत घेतली होती. मी पाय रोवले, मान हलवली, डोळे मिटले आणि वाजवलं. कावळ्याऐवजी साधा आवाज आला. माझा तो सगळा आवेश डास गुणगुणावा तसा हॉलभर पसरला. मी डोळे उघडून विंगेत पाहिलं. आईंनी मनगटावर, घड्याळाच्या जागी, बोट टेकवलं आणि मग हॉलच्या मागच्या दाराकडे दाखवलं. तिकडून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. मी तुकडा अर्ध्यावर आवरला.

तिसरं गाणं नवऱ्याचं सगळ्यात आवडतं. शेवटी एक ओळ आहे, ती तो फार हळू घेतो, मग थांबतो, परत घेतो, परत थांबतो. त्या दिवशी तो तिसऱ्यांदा थांबला. पहिल्या रांगेतले काका झोपले होते. मी साथीला एकच तार हलकेच छेडली, आणि नेमक्या त्या क्षणी आईंनी कावळा दाबला.

काका जागे झाले. भैयाला वाटलं गाणं संपवायची खूण आहे, त्याने झांजेवर दणका दिला. नवरा तोंड उघडं ठेवून उभा. मग टाळ्या सुरू झाल्या, अगदी मनापासूनच्या. लोकांना वाटलं असेल, शेवट असाच आहे. उपाशी लोक कुठल्याही शेवटाला टाळ्या वाजवतात, असंही असेल.

जेवताना मंडळाचे एक जुने सभासद आईंपाशी आले, त्यांनी विंगेत डोकावून पाहिलं होतं. "वहिनी, कीबोर्ड कुठे शिकलात?"

"घरीच," आई म्हणाल्या आणि श्रीखंड मागून घेतलं.

परत येताना नवरा गाडी चालवत होता, आई शेजारी. मी मागच्या सीटवर गिटार मांडीवर घेऊन हसू दाबत होते. घर जवळ आल्यावर त्याने विचारलं, "आई, तू मुद्दाम केलं न?"

"हव," आई म्हणाल्या. "तू त्या ओळीवर लय रेंगाळते. लहानपणी जेवताना बी असाच घास घेऊन बसून राहे."

घरी आल्यावर त्याने चहा केला, तिघांसाठी, आणि आईंचा कप आधी नेऊन दिला.

नवा पंखा आला तेव्हा मी तो कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घेतला. भैयाला फोन करून कळवलं, तर तो म्हणाला, "मैंने कहा था न, छोटा काम है." आता सरावाला डबा परत माझ्या पायाशी असतो आणि हळू घुं घुं करतो. आई म्हणतात तो आवाज वरपर्यंत येतो. मला अजूनही ऐकू येत नाही. गेल्या रविवारी नवऱ्याने ती ओळ एकदाच घेतली आणि पुढे गेला.