मीटरकाकांचं बंद घर

सकाळचं दूध दुसऱ्यांदा तापत होतं आणि काकू भांड्याकडे कमी, नवऱ्याकडे जास्त बघत होत्या. फ्रिज बंद पडून आठ महिने झाले होते. नवा आणायला मीटरकाका दुकानापर्यंत गेलेही होते. पण विक्रेत्याने आधी फोन नंबर विचारला, मग जन्मतारीख, मग घरात माणसं किती. "फ्रिज विकतोयस की सोयरीक जुळवतोयस?" एवढं ऐकवून काका रिकाम्या हाताने परतले. तेव्हापासून दूध दिवसातून तीनदा तापायचं आणि त्याच्याबरोबर काकूही.

तेवढ्यात दार वाजलं. काका अर्ध्या दाढीनेच उठले. दारात एक मुलगी उभी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तिने काकांकडे पाहिलं, मग टॅबकडे पाहिलं, आणि दोघांपैकी टॅबवर विश्वास ठेवला.

"तुम्ही शेजारचे का?"

"कोणाच्या शेजारचे?"

"म्हणजे या घराच्या. हे घर बंद आहे ना."

काकांनी गालावरचा फेस पुसला. "अगं बाळ, मी आत उभा आहे."

"हो, पण बंद आहे. नव्या मीटरवरून कळतं सगळं. सहा महिने वापर नसल्यासारखाच, म्हणून बंद घरांच्या यादीत आलंय. मला फक्त फोटो काढायचाय."

"कोण आहे हो?" आतून काकूंनी विचारलं.

"आपण इथे राहत नाही, असं सांगायला आलेत!"

मुलगी बिचारी कानकोंडी झाली. तिने टॅब वळवून दाखवला. त्यात तीनच पर्याय होते: कुलूप, पडझड, मोकळी जागा. माणसं राहतात, असाही एक पर्याय असावा हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "काका, जरा दार लावून घेता का? उघडं दार दिसलं की हे फोटोच घेत नाही."

काकूंनी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. बंद घरात बसून ती पेलाभर पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "मला कळतंय हो काकू. पण नुसतीच परत गेले तर माझी फेरी धरत नाहीत. तुम्ही वीज ऑफिसात जाऊन या. यादी सगळ्या खात्यांना एकदमच जाते."

"दवाखान्यालाही?"

"सगळ्यांनाच."

काकू खुर्चीत टेकल्या. काल सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर त्यांचं कार्ड चाललं नव्हतं. "मशीन बिघडलं असेल, पुढच्या आठवड्यात या," असं सांगून खिडकीतल्या बाईने त्यांना वाटेला लावलं होतं. काकूंना फिट्‌सचा त्रास. सकाळी एक, रात्री एक, अशी गोळी चुकवून चालायचं नाही. मागे एकदा दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणली होती, तर चौथ्या दिवशी त्या ओट्यापाशी कोसळल्या. कपाळावरचा व्रण अजून आहे. दवाखान्याचीच गोळी लागू पडते, आणि ती कार्ड चालल्याशिवाय मिळत नाही. पाकिटात तीन गोळ्या उरल्या होत्या.

मुलगी गेली. जाताना तिने दार स्वतःच ओढून घेतलं. बाहेर क्लिक असा आवाज झाला.

हे सगळं मीटरकाकांच्या वाट्याला यावं! बत्तीस वर्षं त्यांनी घरोघरचे मीटर वाचले होते. जिन्याखाली वाकून, कोळिष्टकं अंगावर घेऊन, बॅटरीच्या उजेडात आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी. आकडा बोलतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. कोणाकडे सून आली, कोणाकडे आजारपण आहे, कोणाचा नवरा परगावी जातो म्हणतो आणि जात नाही, सगळं मीटरमधल्या चाकाच्या फिरण्यात दिसायचं. लोक खोदून खोदून विचारायचे. "आकड्याला तोंड नसतं," म्हणून काका पुढे चालू लागायचे.

एका इमारतीत एकट्या राहणाऱ्या शिक्षिकाबाई होत्या. एका महिन्यात त्यांचे जेमतेम दोन युनिट आले. काकांनी आकडा लिहिला, दोन पायऱ्या उतरले, परत वर गेले आणि दार ठोठावलं. बाई महिनाभर तापाने अंथरुणात, आणि कालपासून मोरीत पाय घसरून पडलेल्या. आकडा कमी आला की माणसाचं काय झालं ते बघायचं, हे काकांना कोणत्या साहेबाने शिकवलं नव्हतं. नव्या मीटरला मात्र साहेबांनी बरंच काही शिकवलं होतं. माणूस तेवढा वगळून.

तो बसवला त्याच दिवशी काकांचं डोकं फिरलं होतं. याला दर पंधरा मिनिटांनी कळणार, आपण कधी उठलो, कधी पाणी तापवलं, कधी निजलो. शेजारचे निवृत्त कारकून म्हणाले, "कळू दे की. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"मग आंघोळीला दार कशाला लावून घेता?" काकांनी विचारलं. कारकून दोन दिवस बोलले नाहीत.

लेक परगावी. तिने काळजीपोटी एक कॅमेरा पाठवला, तो काकांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला. "बाबा, मला नुसती भिंत दिसते," तिने फोन करून सांगितलं. "भिंत सुखरूप आहे ना? मग झालं." मनगटावर बांधून पावलं मोजायचं घड्याळ आलं, तेही खोक्यातच राहिलं. "माझी पावलं मला ठाऊक आहेत. दुसऱ्याला कशाला हवीत?"

पण खरा हट्ट मीटरशी. त्याला काही म्हणता काही कळू द्यायचं नाही! रेडिओ सेलवर आला, पाणी गॅसवर आलं, आणि संध्याकाळी एकच दिवा या खोलीतून त्या खोलीत त्यांच्या मागोमाग फिरू लागला. "एका दिव्यात संसार चाललाय," काकू करवादायच्या. "चोर आला तर त्यालाच दिवा घेऊन यावा लागेल." काका मिशीत हसायचे. आपण सरकारला बनवलं, असं त्यांना खरंच वाटत होतं.

आज ऑफिसच्या वाटेवर ते हसत नव्हते. खिशात चार पानी तक्रार होती, घाईघाईत लिहिलेली, पण मुद्दे एकेक घासून पुसून धारदार केलेले. काकू शेजारून चालत होत्या, पर्स पोटाशी धरून. त्या बोलल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

रांग दीड तास. टेबलामागचे साहेब लेकीच्या वयाचे. त्यांनी पडद्यात पाहत सांगितलं, "तुमचं घर बंद आहे."

"साहेब, आम्ही दोघं तुमच्यासमोर उभे आहोत."

"ते मला दिसतंय. सिस्टिममध्ये दिसत नाही."

काकांनी छताकडे बोट केलं. "तो कॅमेरा दीड तास आमच्याकडे टक लावून बघतोय. त्याला विचारा, आम्ही आहोत का."

"तो वेगळ्या खात्याचा आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. तो माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. "आजोबा, घर उघडं दिसायला सलग तीन महिने वापर दिसावा लागतो. हीटर लावा, टीव्ही लावा."

"आम्हाला टीव्ही आवडत नाही."

"मग नुसता चालू ठेवा. बघायलाच पाहिजे असं नाही."

काकांनी खिशातली पानं काढली. पहिला मुद्दा तोंडपाठ होता: ज्यांना आम्ही कधी पाणी तापवतो ते कळतं, त्यांना आम्ही जिवंत आहोत ते कळू नये? खणखणीत वाक्य. रांगेतल्या लोकांनीही माना डोलावल्या असत्या. त्यांनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि सवयीने काकूंकडे पाहिलं.

काकूंनी पर्स उघडली होती. त्या पाकिटातल्या गोळ्या पुन्हा चाचपत होत्या. तीनच्या चार झाल्यात का ते बघावं तशा.

"तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

टोमणा नव्हता त्यात. निदान एखादा टोमणा तरी मारायचा होता. आठ महिने तीन-तीनदा दूध तापवलं या बाईने, अंधारात भाजी चिरली, आणि काका मीटरला हरवत बसले. मीटर हरलाच नव्हता. त्यांनी जेवढं दाखवलं तेवढंच त्याने पुढे कळवलं होतं.

साहेबांनी पुढच्या माणसाला खूण केली. काका टेबलापुढून हलले नाहीत. त्यांनी चारही पानांची घडी घालून ती परत खिशात ठेवली आणि साहेबांच्या पेनाकडे पाहत म्हणाले,

"घर बंद राहू दे, साहेब. उद्या रात्री हिच्या गोळ्या संपतायत. दवाखान्याला एक चिठ्ठी हाताने लिहून द्या."