गोळ्या बंद केल्या तेव्हा

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, स्वतःची एक मला दिली. ती फुलंब्रीजवळच्या खेड्यात अद्रकाची शेती करते. मी एसटीत कंडक्टर. काही महिन्यांनी ती पुन्हा वावरात गेली आणि मी पुन्हा पैठणच्या बसवर.

किडनीसोबत गोळ्या आल्या. परका अवयव दिसला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. तसं होऊ नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवायची, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. बस बिडकीनला थांबली की तिकिटाचं मशीन काखेत धरून मी गोळी गिळायची. सहा वर्षांत एकदाही वेळ चुकवली नाही.

मग मानेला गाठ आली. युनिफॉर्मच्या कॉलरचं बटण लागेना. तपासण्या झाल्या. लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला, तोही पोटापर्यंत पसरलेला.

डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "ज्या पेशी बहिणीच्या किडनीवर हल्ला करतील, त्याच पेशी अशा गाठी वाढण्याआधी मारतात. आपण त्यांना गोळ्यांनी गप्प बसवलं होतं, म्हणून कॅन्सरला मोकळं रान मिळालं. आता त्यांना जागं करायचं. दोन गोळ्या बंद, तिसरी अगदी थोडी. सोबत इंजेक्शनं."

"आणि किडनी?"

"टिकेलही, जाईलही. शब्द देत नाही मी."

त्याच दिवशी अक्काच्या नवऱ्याचा, दाजींचा, फोन आला. "तिनं पोट चिरून दिली. आता तू ती मरू देणार व्हय?"

मी फोन ठेवून दिला. गोळ्या बंद केल्याच नाहीत. सगळ्यांना सांगितलं केल्या म्हणून, आणि चोरून पूर्वीसारख्याच घेत राहिले. मला कॅन्सरपेक्षा अक्कासमोर उभं राहायची जास्त भीती वाटत होती. तिच्या अंगातला तुकडा माझ्या हातून वाया गेला, असं मला स्वतःलाच ऐकून घ्यायचं नव्हतं.

रक्तानं चोरी पकडली. तपासणीत औषधाचं प्रमाण जराही उतरलेलं नव्हतं आणि गाठ वाढली होती. त्या दिवशी अक्का सोबत होती. बाहेरच्या बाकावर तिनं मला बसवलं.

"खरं सांग. घेतीस ना अजून?"

"व्हय."

मला वाटलं, मारते आता. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला. मग म्हणाली, "मी काय किडनी सांभाळायला दिली होती तुला? तू जगावं म्हून दिली. गेली तर जाऊ दी." तिथंच तिनं दाजींना फोन लावला. आजूबाजूच्या पेशंटांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पोट माझं चिरलंय, तुमचं नाय. यापुढं तिला एक शब्द बोलायचा नाय."

तिच्यासमोर मी त्या गोळ्या पर्समधून काढून नर्सच्या हातात दिल्या.

सव्वा महिन्यात कॉलरचं बटण लागलं. मी आरशासमोर उभी राहून ते दोन-तीनदा काढलं आणि लावलं. दिवाळीआधीच्या स्कॅनमध्ये पोटातल्या गाठीही विरलेल्या दिसल्या. माझंच शरीर, पण सहा वर्षं मी त्याला दाबून ठेवलेलं. हात मोकळे होताच ते कामाला लागलं, याचा मला भयंकर अभिमान वाटला. त्याच शरीरानं पुढं किडनीही हळूहळू खाल्ली. वर्षभर तिनं तग धरला, मग थांबली. त्या दिवशी मी खूप रडले. अक्का रडली नाही.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वरिष्ठांनी सुचवलं, स्वेच्छानिवृत्ती घ्या. मी म्हटलं, नाय घेत. उरलेल्या दिवशी डेपोत टेबलाचं काम करते. कॅन्सर अजून परतलेला नाही. परतला तर बघू.

परवा हर्सूलला एका लग्नात एक नातेवाईक बाई आम्हा दोघींसमोरच हळहळली. "बिचारीचं दान वाया गेलं बघा."

"वाया?" मी ताट बाजूला ठेवलं. "सात वर्षं हिच्या किडनीवर मुतले मी! पैठणच्या किती फेऱ्या मारल्या, किती जणांची तिकिटं फाडली, आणि आज तुमच्यासमोर जेवायला उभी आहे. कुठं वाया गेलं, दाखवा तरी."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.