पेल्याच्या काठावरचं स्तोत्र

रविवारी यवतमाळच्या एका ग्रंथालयात माझं व्याख्यान होतं, दूर अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या पेल्यांवर. आमच्या घराण्यात आजवर कोणी कारकुनीपलीकडे गेलं नव्हतं. तो मान मला हवा होता. हे चित्रांचे पेले थडग्यांत सापडतात आणि काठावर अक्षरांची एक ओळ असते, बहुतेक पेल्यांवर साधारण सारखीच. एका जुन्या पंडिताचं म्हणणं, हे मृताला पाताळात सोबत करणारं स्तोत्र. मला ते इतकं भावलं की पुढची पुस्तकं न उघडताच मी दोन वर्षं खपून बत्तीस पानं लिहून काढली.

शनिवारी सकाळी बायकोने माझ्या कागदांतलं पेल्याचं चित्र पाहिलं. "नाव टाकलं असन. आपण भांड्यावर टाकतो तसं."

तिला खोटं पाडायला म्हणून मी नवं पुस्तक उघडलं. त्यात पुढच्या पंडितांनी ती ओळ वाचलेली होती: हा अमक्याचा कोको प्यायचा पेला.

"दोन वर्षं गेली माझी," मी म्हणालो.

"मले पहिलेच काहून नाही विचारलं?"

महागावहून आलेली माझी आत्या चहा पीत होती. तिने फळीवरचा पितळी तांब्या काढला. "बापू, ह्याच्यावर कोणाचं नाव हाय?"

कोणा परक्याचं होतं. कळंबच्या एका लग्नाच्या पंगतीत आमचा तांब्या बदलून हा आलेला, वीसेक वर्षांपूर्वी.

"नाव त्याचं, पाणी पेता तुमी. मंग मालक कोण?"

मी उडालोच. एका माया नगरीच्या राजाचं नाव असलेला पेला दुसऱ्याच्याच थडग्यात कसा, भेट की लूट, यावर पंडित अजून भांडतात! बत्तीस पानं बाजूला सारली, रात्रीपर्यंत नवी सहा लिहिली, आणि पुरावा म्हणून तांब्या पिशवीत घातला.

व्याख्यानाला चौदा माणसं होती. शेवटी मी विचारलं, "काही शंका?" दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले, टेबलापाशी आले, चष्मा सारखा करून तांब्या फिरवत राहिले.

"हे आमच्या बाबाचं नाव हाय. तुमच्याकडं कसा आला?"

मग चौदाही माणसं तांब्याभोवती. कोणतं लग्न, कोण आचारी, पंगतीत वाढायला कोण होतं, सगळं निघालं. माया लोकांबद्दल एकानेही विचारलं नाही. अध्यक्षांनी आभार मानले तेही आजोबांचे.

रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. बायकोने फळीकडे पाहिलं.

"तांब्या कुठी हाय?"

"ज्याचं नाव, त्याच्या घरी."