उलटे बसलेले छर्रे

‘मी सायकल शिकलो’ असं लोक मोठ्या कौतुकानं सांगतात तेव्हा मला हसू येतं. सायकलवर बसायला लागतं काय? दोन पाय आणि थोडा निर्लज्जपणा. चार वेळा गुडघे फोडून घेतले की कुणीही ठोंब्या हँडल धरायला लागतो. मी सायकल शिकलो तेव्हा सायकल नव्हतीच. कऱ्हाडच्या एका सायकल-दुरुस्तीच्या दुकानामागच्या परड्यात गोणपाटावर ओतलेला गंजका ढीग होता, आणि त्यातून सायकल काढायची होती.

लढाईचे दिवस होते. विलायतेहून नव्या सायकली यायच्या थांबल्या होत्या. टायर मिळेना, चेन मिळेना, साधे छर्रे मिळेनात. छर्रे म्हणजे चाकाच्या गाभ्यात फिरणाऱ्या वाटाण्याएवढ्या पोलादी गोळ्या. आणि नवी सायकल मिळत नाही म्हटल्यावर, ज्यांच्या सात पिढ्या पायी चालल्या त्यांनाही अचानक सायकल हवीशी वाटू लागली होती. मिळत नाही तेच हवं, ही बागायती माणसाची खोड. आमच्या मिस्त्रींनी ती ओळखली आणि सांगलीच्या भंगारवाल्याकडून मोडक्या सायकलींचं सामान रेल्वेनं आणून परड्यात ओतलं.

मी आटपाडीच्या पलीकडचा. चौथीत शाळा सोडली. मास्तरांना माझ्यावाचून अडत नव्हतं आणि मला मास्तरांवाचून. पुढं काही वर्षं मेंढरांमागं हिंडलो आणि मिसरूड फुटता फुटता एका ओळखीनं मिस्त्रींच्या दुकानात येऊन पडलो. घर इतकं लांब, की आज हाकललं तर परत कसं जायचं, हा विचार रोज सकाळी डोळ्यांबरोबर उघडायचा. परडं झाडून व्हायचं तेव्हा दुसरं कुणी उठलेलंही नसे. मिस्त्रींच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. त्या स्वतःच्या लेकरांच्या ताटात वाढतील तीच भाकरी मला वाढायच्या, वर तेवढंच कोरड्यास. ते उपकार मी विसरलो नाही. पण त्या वेळी प्रत्येक घासाला वाटायचं, हे आपलं नव्हे, कधीही काढून घेतील.

मिस्त्री शिकवायचे नाहीत. तोंडानं सांगून शिकवणं त्यांना कमीपणाचं वाटे. मी चाकाचा गाभा जुळवून त्यांच्यापुढं धरला की ते चाक उचलून हवेत सोडायचे. नीट जुळलेलं चाक झुलत झुलत थांबतं, आणि हवा भरायची नळी आपल्या वजनानं अगदी तळाशी येऊन उभी राहते. माझं चाक मध्येच कुठंतरी अडून राहायचं. मग मिस्त्री पाना लावून सगळं उसकटायचे, छर्रे रॉकेलच्या थाळीत ओतायचे आणि म्हणायचे, “पुन्ना.”

“काय चुकलं, मिस्त्री?”

“मला काय इचारतोस? त्या चाकाला इचार की.”

कधी फारच चिडले तर, “आरं मेंढक्या, ही काय मेंढी हाय व्हय, पाय धरून वढायला? लोखंडाला बी जीव आसतो गड्या. आवळ, पन गळा दाबू नगंस.”

दुकानात बसलेली रिकामटेकडी मंडळी फिदीफिदी हसायची. त्यांच्यातल्या एकालाही पाना कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नव्हतं. चहा पिऊन कान कोरत बसायचं आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची, एवढाच त्यांचा धंदा. मी मान खाली घालून छर्रे वेचायचो आणि मनातल्या मनात एकेकाला गाढवावर बसवायचो.

लग्नसराईच्या आधी मलकापूरचे एक पेन्शनर हवालदार दुकानात आले. मोठा ऊस, मोठ्या मिशा, आणि बोलणं सगळं परेडवर बोलल्यासारखं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नवरदेव रहिमतपूरकडचा. त्याच्या मामानं सुपारी फोडताना सायकल मागितली होती, आणि वर अट अशी, की मारुतीच्या देवळातून मांडवात यायचं ते घोड्यावर नव्हे, सायकलवर. घोड्यावर काय कुणीही येतो म्हणे. त्या नवरदेवाचं तोंड न बघताच मला त्याचा संताप आला. ज्याला स्वतःच्या पायावर बायकोच्या दारात जाता येत नाही, त्याला घोडा काय आणि सायकल काय.

मिस्त्री ढिगाकडं बघून म्हणाले, “करून देतो.” हवालदार गेल्यावर माझ्याकडं वळले. “ही तू करायचीस.”

“म्या?”

“मग काय मी? ऐक. ही सायकल नवऱ्याला घिऊन मांडवात नीट गेली, तर तू हितं ऱ्हा. न्हाई गेली, तर तुजी मेंढरं हाईतच वाट बघत.”

त्या दिवसापासून माझी झोप गेली. ढीग उपसला. सांगाडा एका सायकलचा घेतला, पुढचं चाक धरणारा चिमटा दुसरीचा. चिमटा मानेत शिरेना. कारखाना वेगळा, आटे वेगळे. तिसरा शोधला. मागचं चाक तीन चाकांतून उभं राहिलं. पायडलचा दांडा पिनेशिवाय हलत होता, ती पिन कानशीनं घासून बसवली. दोन्ही चाकं कितीदा जुळवली आणि कितीदा थाळीत गेली याचा हिशेब नाही. पण एका सकाळी मिस्त्रींनी मागचं चाक उचललं, सोडलं. ते झुललं, पुन्हा झुललं, आणि नळी तळाशी येऊन थांबली. मिस्त्रींनी थाळी पुढं ओढली नाही. मला परड्यात जाऊन उगाच डोळे धुवावे लागले.

काळा रंग दिला. सायकल घाटावर, पेठेतून, सगळीकडं फिरवून पाहिली. टिकटिक असा मागच्या चाकाचा आवाज स्वच्छ यायचा. तो आवाज मागच्या दातेरी चक्रातून, म्हणजे फ्रीव्हीलमधून येतो. आत दोन बारीक नख्या असतात, मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की कुत्रे दात धरतात आणि चाक ओढतात. पाय थांबवला की ते दातांवरून घसरत टिकटिक करतात. लग्नाला पंधरवडा असताना आम्ही सायकल हवालदारांच्या घरी पोचती केली. आमचं काम झालं, असं मला वाटलं.

लग्नाच्या दिवशी मिस्त्री मला घेऊन मलकापूरला गेले. देवळासमोर वाजंत्री, पोरंटोरं, दोन्हीकडचे पाहुणे. नवरदेव बाशिंग बांधून बाहेर आला. बाशिंगाच्या झालरीतून त्याला रस्ताही दिसत नव्हता, पण ऐट अशी, की जणू तोच रस्ता बांधून आलाय. सायकलला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, हँडलला नारळ लटकवला होता आणि दांड्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. दोघा गड्यांनी धरली, नवरदेव बसला. त्यानं पायडल मारलं.

पायडल गर्रकन फिरलं. चेनही फिरली. सायकल जागची हलली नाही.

त्यानं आणखी जोरात मारलं. दोन्ही पाय चरकाच्या बैलासारखे गरगर फिरू लागले आणि नवरदेव जिथल्या तिथं. वाजंत्र्यांची फुंकर हसण्यानं तुटली. एका पोरानं ओरडून विचारलं, “नवरदेव, रस निघाला का?”

मामा पुढं आला. गळ्यात उपरणं, तोंडात पान. “हवालदार, भंगार गळ्यात मारलंत व्हय आमच्या? ही काय सायकल म्हनायची? आमी हितनंच माघारी फिरतो.”

हवालदारांच्या मिशा लोंबल्या. ज्या माणसाच्या आवाजानं दुकानातले चहाचे कप हलायचे, तो मामापुढं हात जोडून उभा राहिला. पण माझं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. मला डोळ्यांसमोर माळ दिसत होता, आणि माळावर मेंढरं.

मी गर्दीतून घुसलो आणि मागच्या चाकापाशी बसलो. फ्रीव्हीलला बोट लावलं. बोट चिकटलं. नाकापाशी नेलं, आणि मला घरचा वास आला. करडईचं तेल! आमच्याकडं मोटेच्या कातड्याला लावायचं रोगण याच तेलाचं करतात. कढवलं की लवकर आटतं, पण नुसता पातळ थर उन्हात राहिला तरी तो वाळून राळेसारखा होतो.

“हवालदार,” मी हळूच विचारलं, “हिला तेल घालत हुता का?”

“रोज सकाळी!” ते ताठ झाले. “फौजेतली सवय हाय. फडक्यानं पुसून, तेल पाजून, अंगणात उभी. रायफल बी अशीच ठेवली आमी.”

रोज सकाळी करडईचं तेल, आणि दिवसभर वैशाखाचं ऊन. पंधरवडाभर त्यांनी माझ्या सायकलच्या पोटात रोगण शिजवलं होतं. बिचारे कुत्रे दाबले गेले तसेच चिकटून पडले होते. आणि इतक्या दिवसांत हा शूर माणूस एकदाही त्या सायकलवर बसला नव्हता. नुसती फिरवून आणायचा, घोडं पाण्यावर नेल्यासारखी.

वरातीसाठी आणलेल्या गॅसबत्त्या देवळाच्या ओट्यावर होत्या. मी एकीची टाकी उघडून रॉकेल वाटीत काढलं. बत्तीवाला शिव्या देत होता, त्याच्याकडं बघायला वेळ नव्हता. सायकल आडवी पाडली, फ्रीव्हीलमध्ये रॉकेल ओतलं आणि पायडल उलटं फिरवत राहिलो. माळा तुटल्या, झेंडू रॉकेलात भिजले. बराच वेळ काही नाही. वरून मामाच्या पानाचे शिंतोडे आणि सल्ले दोन्ही येत होते. “हातोडी मार, हातोडी.” “चेन आवळ की रं.” “मूळ लोखंडच खोटं.” मग एकदम आत कुठंतरी खट् झालं, आणि टिकटिक सुरू झाली. मी चाक हलवून पायडल पुढं दाबलं. चाक ओढलं गेलं.

“काय झालं हुतं?” मामानं विचारलं. “चूक कुनाची, ते कळू द्या चार मानसांत.”

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी मिस्त्रींचा पाना माझ्या बरगडीत रुतला.

“चूक आमची,” मिस्त्री म्हणाले. “ह्या गड्यानं छर्रे उलटे बसवले हुते.”

मी मिस्त्रींकडं बघतच राहिलो. छर्रा गोल असतो. त्याला ना शेंडा ना बुडखा. तो उलटा कसा बसणार? मला वाटलं, आता सगळे हसतील.

मामानं गंभीरपणे मान हलवली. “तरीच. छर्रा उलटा बसला की चाक असंच फिरतं. माज्या पाव्हन्याच्या सायकलला बी हेच झालं हुतं.”

“व्हय, व्हय,” मागून दोघंतिघं म्हणाले. “उलटाच असनार.” दुकानात कान कोरत बसणाऱ्यांपैकी एक जण तर पुढं येऊन माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. “एवढं कळंना व्हय रं तुला, मेंढक्या?”

“बोल की,” मिस्त्रींनी पाना आणखी रुतवला.

“व्हय,” मी म्हणालो. “चुकलं माजं.”

मामाची भूक भागली. नवरदेव पुन्हा चढला. दोघा गड्यांनी धरून धरून त्याला मांडवापर्यंत नेला, कारण त्याला सायकल येतच नव्हती. सगळे म्हणाले, वा, काय रुबाब. हवालदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण ते तोंड फिरवून पाहुण्यांना गुलाल लावायला गेले. एवढी छाती, एवढी पदकं, आणि एक खरा शब्द बाहेर निघाला नाही. आज वाटतं, मुलीचा बाप त्या वेळी दुसरं काय करणार? पण आज वाटतं ते आज. तेव्हा मी त्यांच्या जेवणावळीत पंगतीला बसलो नाही.

कोयनेच्या काठाकाठानं चालत परत येताना मिस्त्री पुढं, मी मागं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. सायकल मांडवात गेली, पण नीट गेली नाही. चूक माझी, असं मिस्त्रींनीच चार माणसांत सांगितलं. आता गावी जाऊन काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी परडं झाडलं, वहिनींच्या पाया पडलो आणि घोंगडं गुंडाळून दुकानाची पायरी उतरलो.

“कुटं निघाला सायेब?” मिस्त्री दात घासत उभे होते.

“तुमीच म्हनला हुता. नीट न्हाई गेली तर मेंढरं.”

मिस्त्रींनी राखुंडी थुंकली. “आरं येड्या, अख्ख्या कऱ्हाडात छर्रा उलटा बसवनारा गडी येकच हाय. आनी त्यो मी सोडू?” मग आवाज खाली आणून, रस्त्यावर कुणी नाही असं बघून ते म्हणाले, “तेल कसलं, ते नाकानं वळखलंस तू. मला आलं नस्तं. जा, थाळी आन.”

मी गेलो आणि थाळी आणली. इतका पळत, की निम्मं रॉकेल परड्यातच सांडलं.

गंमत त्यानंतरची. त्या लग्नाची बातमी पसरली, आणि दुकानात येणारा दर दुसरा शहाणा सायकल टेकवून म्हणायचा, “मिस्त्री, छर्रे उलटे न्हाईत न्हवं, तेवढं बगा.” वकिलाचा कारकून म्हणायचा, गुळाचा अडत्या म्हणायचा, एकदा एक शाळामास्तरही म्हणाले. मी चाक कानाशी धरायचो, डोळे मिटायचो आणि थोड्या वेळानं म्हणायचो, “न्हाई, सुलट हाईत.” समाधानानं मान डोलावत निघून जायची ती माणसं. आत मिस्त्री पाठमोरे बसलेले असायचे, आणि त्यांचे खांदे हलत असायचे.