भोंग्यानंतरची मोजणी

आमच्या मोहिमेच्या बैठकीत एक गृहस्थ दर वेळी उठतात आणि विचारतात, मूल कुणाला म्हणायचं? बंदुकीने गेलेल्या मुलांचा आकडा आम्ही पत्रकात छापतो, तो त्यांना फार फुगवलेला वाटतो. एकोणीस वर्षांचा घोडा मूल कसा, हा त्यांचा पहिला सवाल. बापाच्या कपाटातलं पिस्तूल हाताळताना सुटलं तर तो अपघात, तो कशाला धरता? ज्याने स्वतःवरच झाडून घेतली तो वेगळा काढा. असं करत करत त्यांची चाळण इतकी बारीक होते की खाली काही पडतच नाही. मी आवाज चढवते. मग सगळे म्हणतात, ही फार लवकर तापते.

तापते. ही चाळण मी आधी पाहिलेली आहे. रियाधमध्ये, आखाती युद्धात, मी नववीत असताना. आणि ती हातात धरणारा माणूस वाईट नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही.

आम्ही बत्हा बाजाराच्या मागच्या बाजूला एका चार मजली इमारतीत राहत होतो. वडील एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. तळमजल्यावर रत्नागिरीकडचं कुटुंब होतं, त्यांचं बत्ह्यात घड्याळांचं दुकान. त्या घरच्या बाईंना आम्ही सगळी मुलं खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावर पुण्याचे काका राहायचे. ते आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, आणि युद्ध सुरू झाल्यावर कुणी न नेमता इमारतीचे वॉर्डनही झाले.

भोंगा वाजला की सगळ्यांनी आमच्या घरातल्या मधल्या खोलीत जमायचं असं ठरलं होतं. त्या खोलीच्या खिडकीला आम्ही काळं प्लास्टिक लावून कडेने तपकिरी टेप मारली होती. विषारी वायूची भीती होती. दाराच्या फटीत ओला टॉवेल, नाकातोंडावर ओले रुमाल. इथवर सगळं रियाध हेच करत होतं. पण काकांनी एकाहत्तरच्या लढाईत मुंबईत ब्लॅकआउट पाहिला होता, काचांना काळे कागद चिकटवले होते. तीच शिस्त त्यांनी इथे आणली. भोंगा झाला की ते जिन्यातला मेन स्विच पाडायचे. बाहेर रस्त्यावरचे दिवे लखलखत, हायवे दुधासारखा उजळलेला, आणि आमची एकटी इमारत काळीठिक्कर. क्षेपणास्त्राला आमची ट्यूबलाइट दिसत नाही, असं वडील त्यांना सांगून थकले. काका म्हणायचे, "तुम्ही तेव्हा नाशकात होता."

त्या अंधारात ओल्या रुमालांमागे कोण कुठलं, काही कळायचं नाही. म्हणून काकांनी मुलांना नंबर दिले. वयाने मोठा तो एक, आणि तिथून खाली. काका दाराशी उभे राहून म्हणायचे, "चला." मग आम्ही क्रमाने आपापला आकडा ओरडायचा. नवापर्यंत आकडे झाले की काका म्हणायचे, "बरोबर." त्या एका शब्दानंतरच आयांचा श्वास सुटायचा.

एक नंबर खालांचा मुलगा. मी दोन. तो सतरा वर्षांचा होता आणि त्याचा आवाज अजून नीट बसला नव्हता. मोठ्याने बोलायला गेला की अर्धा शब्द जाड यायचा, अर्धा बारीक. तो "एक" म्हणायचा तेव्हा खोलीतली धाकटी पोरं त्या भीतीतही खुदखुदायची. तोही मुद्दाम आणखी चिरका काढायचा.

धोका आभाळातून येतो हे आम्हाला पाठ झालं होतं. गच्चीवर जाऊन आधी कान द्यायचा, मग वर बघायचं. भोंगा नसेल तर आभाळ आपलं, असा सरळ हिशोब.

एका संध्याकाळी भोंगा नव्हता. मागच्या गल्लीत कुणाकडे तरी लग्न होतं, युद्धामुळे पुढे ढकललेलं आणि आता साधेपणाने उरकलेलं. तिथून हवेत गोळ्या झाडल्याचे आवाज आले. आनंदाचे. आम्ही त्या काळात इतके दचकत होतो की ते आवाज ऐकून उलट बरं वाटलं. आई म्हणाली, चला, कुणाच्या तरी घरी चांगलं काही चाललंय. खालांनी मुलाला गच्चीवरचे कपडे काढून आणायला पाठवलं होतं.

तो आला नाही म्हणून काका वर गेले. पाण्याच्या टाकीला टेकून तो बसला होता, मान जराशी कलती. मांडीवर घडी केलेले टॉवेल. दातांत दोन चिमटे तसेच धरलेले. दोरीवर बाकीचे कपडे हलत होते. काकांना आधी वाटलं, डुलकी लागली पोराला. त्यांनी त्याला हाक मारली आणि मग रागावलेही, हे त्यांनीच नंतर सांगितलं. गोळी वरून सरळ खाली आली होती. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, हे त्या दिवसापर्यंत आमच्यातल्या एकाही शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं.

काकांनी त्याला दोन्ही हातांवर घेऊन चार मजले खाली आणलं. पोलीस आले, गोळी घेऊन गेले. कुणी झाडली ते कधीच कळलं नाही. झाडणाऱ्यालाही कळलं नसणार. तो त्या रात्री जेवला असेल, नवऱ्यामुलाच्या गळ्यात पडला असेल. मला याचाच अजून सगळ्यात जास्त संताप येतो.

दफन झाल्यावर काही दिवसांनी पुन्हा भोंगा वाजला. अंधार पडत होता. आम्ही मधल्या खोलीत जमलो, काकांनी स्विच पाडला. आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठून खालच्या आवाजात सांगितलं होतं, आता तू एक, बाकीच्यांनी एकेक वर सरकायचं. मी मान हलवली होती. पण अंधारात काका "चला" म्हणाले आणि माझं तोंड उघडेना. रुमालातलं पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. कुणीच काही बोलेना.

आणि मग खोलीतून आवाज आला, "एक."

अर्धा जाड, अर्धा बारीक.

कुणी हसलं नाही. आपण काय करतोय हे न कळता मी म्हटलं, "दोन." माझ्यामागून तीन, चार, जुन्याच क्रमाने, शेवटचं लहानगं "नऊ" म्हणालं. काका सवयीने म्हणाले, "बरोबर."

दिवे आले तेव्हा आम्ही आठ मुलं होतो. मी पुन्हा पुन्हा तोंडं पाहिली. मोठी माणसं चटया गुंडाळत होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी मनाशी ठरवलं, खाला असणार. त्या नेहमी दाराजवळ बसायच्या, दार उघडताच खाली निघून गेल्या असतील. आईचा गळा रडून बसला की असा आवाज येऊ शकतो. पुढच्या भोंग्यालाही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्यालाही. काका "चला" म्हणायचे, थांबायचे, आणि कुणीतरी "एक" म्हणायचं. नवा क्रम लावायचा विषय कुणी काढला नाही.

युद्ध संपलं. मंडळाने आनंदमेळावा ठरवला. काका भाषण लिहायला बसले, आणि त्यातलं एक वाक्य मेळाव्याआधीच इमारतीभर झालं: या युद्धात आपल्या मंडळातलं एकही मूल दगावलं नाही, आपला आकडा शून्य आहे.

खाला आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मधल्या खोलीच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बाय, तुला बोलता येतं. त्यांना सांग, शून्य म्हणू नका. एक म्हणा. नाव नको, काही नको. माझा पोर मोजा."

मी तशीच वर गेले. काका जिन्यातच भेटले, हातात पाण्याचा कॅन. मी सरळ विचारलं, शून्य कसं म्हणता. ते म्हणाले, गावाकडे लोक घाबरलेत, किती जणांची बायकामुलं परत यायची थांबलीत, त्यांना धीर द्यायला हवा. मी म्हटलं, धीर द्या, पण खोटं कशाला.

"खोटं नाही. मूल नव्हता तो," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात अठरा लागलं असतं, बापाच्या इकाम्याच्या परवान्यावरून नाव निघालं असतं. इथल्या कायद्याने तो मोठाच."

"बरं, मोठा. मग मोठे किती गेले ते सांगणार का?"

"फार बोलतेस. वकील हो तू." कॅन त्यांनी पायरीवर ठेवला. "हे बघ, युद्धात गेला नाही तो. युद्धाची गोळी नव्हती ती."

"मग कशात गेला?"

"लग्नात," काका म्हणाले.

तो शब्द त्यांच्याच तोंडून आला आणि त्यांनाच सोसला नाही. ते पायरीवर बसले. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता म्हणतील, ठीक आहे, एक. पण त्यांनी कॅन उचलला आणि म्हणाले, तो अपघात होता, अपघात कुणी मोजत नाही. मूल नाही, युद्ध नाही, कुणी नेम धरलेला नाही. तीन वेळा चाळलं आणि शून्य आलं. ज्या हातांनी त्याला खाली आणलं त्याच हातांनी. माझ्या बैठकीतल्या गृहस्थांना मी हे कधी सांगितलेलं नाही. सांगून उपयोग नाही. ते म्हणतील, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये.

मेळावा शाळेच्या हॉलमध्ये होता. दुपारची वेळ, सगळे पडदे बाजूला सारलेले, खिडक्यांच्या काचांवर टेपच्या फुल्या अजून तशाच. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. खाला आल्या होत्या, शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. बटाटेवडे झाले, एका काकूंचं भावगीत झालं. मग काका माइकशी आले. भाषणाआधी त्यांना एक गंमत करायची होती. आमच्या इमारतीतली मुलं किती शिस्तीची, अंधारात कशी हजेरी देत, ते मंडळाला दाखवायचं. त्यांनी आम्हाला स्टेजवर बोलावलं, उंचीप्रमाणे उभं केलं. माझ्याकडे वाकून म्हणाले, तू एकपासून सुरू कर. मग माइकमध्ये म्हणाले, "चला."

मी बोलले नाही. अंधारातल्यासारखं तोंड बंद पडलं असं नाही. मी ठरवूनच ओठ मिटले.

हॉल हसला, पोरं लाजतायत म्हणून. काकांनी पुन्हा म्हटलं, "चला." हसू हळूहळू विरलं. पंखे फिरत होते. आमच्या इमारतीतली माणसं खुर्च्यांत ताठ झालेली मला वरून दिसली. त्यांना माहीत होतं आपण कशाची वाट बघतोय. शेजारच्या लहानग्याने माझी ओढणी मुठीत धरली.

शेवटच्या रांगेत खाला उभ्या राहिल्या.

"एक," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "दोन." मग तीन, चार, नवापर्यंत. स्टेजवर आठ मुलं उभी होती आणि अख्खा हॉल आम्हाला मोजत होता. काकांच्या हातात भाषणाचा कागद होता. तो त्यांनी उलगडला, पुन्हा मिटला. मग माइकमध्ये, अगदी हळू, म्हणाले, "बरोबर." आणि जाऊन खुर्चीत बसले. भाषण झालं नाही. शून्य हा शब्द त्या दिवशी कुणी उच्चारला नाही, आणि मंडळाने नंतर कुठे छापलाही नाही.

घरी जाताना व्हॅनमध्ये मी खालांच्या शेजारी बसले. त्यांचा हात धरून म्हटलं, खाला, तुम्ही त्या खोलीत दर वेळी म्हणत होता, म्हणून मला धीर आला. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"मी कुठे आले त्या खोलीत?" त्या म्हणाल्या. "तो गेल्यावर मी भोंग्याला वर आलेच नाही, बाय. खालीच बसायची. त्याच्या कपड्यांपाशी."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पत्रकं लिहिणाऱ्या बाईला ते परवडणारं नाही. धाकट्यांपैकी कुणीतरी नक्कल केली असेल, काकांनीच आवाज काढला असेल. पुढे एकेकाला विचारूनही झालं, कुणी कबूल होत नाही. कोण बोललं, मला माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की शिकलेली, शहाणी, हिशोबी माणसं उजेडात बसून शून्य म्हणायला निघाली होती, आणि त्या काळ्या खोलीत जी मोजणी झाली, ती बरोबर होती.