कुंकू लागलेली फ्लॉपी

खर्रर्र! ड्राइव्हमधून आवाज आला. झटकन खटका वर केला, फ्लॉपी बाहेर ओढली. कव्हरच्या खाचेतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर एक बारीक चरा पडला होता आणि चऱ्यात लाल कुंकू.

"काका, गेली का?" सविता खुर्चीतून उठलीच.

"गप बस दोन मिनिटं!" मी खेकसलो. चूक माझी, ओरडा तिला. कॉम्प्युटर दुरुस्तीत पस्तीस वर्षं काढली आणि घाई करायची नाही हा पहिला धडा नेमका त्याच दिवशी विसरलो.

सविता मूळची देवगाव रंगारीची. आता शहरात, गारखेड्याला आमच्या मागच्या गल्लीत राहते, शाळेत शिकवते. कागदोपत्री तिचा जन्म एक जूनचा. आमच्याकडं खेड्यापाड्यातली निम्मी माणसं एक जूनची. घरच्यांना तारीख सांगता आली नाही, की मास्तर एक जून लिहून मोकळे. सविताला चुलत्यानं शाळेत नेलं, तिथं तेच झालं.

पण तिची आई गयाबाई लई हट्टी. एक जूनला लेकीला ओवाळ म्हटलं की म्हणायची, "तो दिवस तुझा नाय, मास्तरचा हाय." लेकीच्या वाढदिवसाला तिनं कधी तबक हातात घेतलंच नाही. आता म्हातारी ऐंशीच्या घरात आणि विसरायला लागलेली. एकच घोकायची, "खऱ्या दिवशी एकदा ओवाळू द्या. पुढच्या साली पोरीचं नाव तरी ध्यानात राह्यल का नाय, कुणाला ठावं."

वर्ष ठाऊक होतं, कारण मामाला शहरात शिपायाची नोकरी लागली तेच ते साल. महिना आणि दिवसाचा पत्ता नव्हता. त्या मामानं हौसेनं भाचीची जन्मपत्रिका काढली होती, तीही कॉम्प्युटरवर. शहरातल्या गुलमंडीला जोशीकाका तेव्हा कॉम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचे, लोक नुसतं बघायलासुद्धा यायचे. पत्रिकेचा कागद वाळवीनं खाल्ला. मामा गेला, जोशीकाकाही गेले. पण काकांचं मशीन मीच सांभाळायचो. घर आवरताना त्यांच्या सुनेनं फ्लॉप्यांचा डबा माझ्याकडं आणून दिला. "भंगारात घालायला जीव होत नाही हो," म्हणाली. माझाही झाला नाही.

त्या सालाच्या दोन फ्लॉप्या निघाल्या. एक रोजच्या कामाची, दुसरी कुंकवाची.

रोजच्या फ्लॉपीपासून सुरुवात केली. जुनी फ्लॉपी थेट वापरायची नसते. आधी तिची डिस्क इमेज घ्यायची. म्हणजे अख्ख्या वहीची झेरॉक्स काढावी तशी, कव्हर आणि कोऱ्या पानांसकट, सगळ्या फ्लॉपीची एकच फाइल. मूळ फ्लॉपी मग कपाटात जाते, काय खेळ करायचा तो नकलेवर. काकांचा पत्रिकेचा प्रोग्राम डॉस या जुन्या सिस्टिमवरचा, आजच्या लॅपटॉपला तो कळत नाही. त्यासाठी एम्युलेटर लागतो. हा प्रोग्राम नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो. ती इमेज त्याच्यापुढं ठेवली, की त्याला वाटतं खरीच फ्लॉपी घातली.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. सविता श्वास रोखून बघत होती. तिचं नाव सापडलं. वडलांचं नाव, गाव, सगळं बरोबर. आणि तारखेच्या जागी नुसते चौकोन आणि ठिपके. तेवढीच जागा झिजलेली! नशीब बघा.

सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते बघवेना. म्हणून कुंकवाची फ्लॉपी उचलली आणि न पुसता तशीच ड्राइव्हमध्ये कोंबली. पुढचं वर सांगितलंच.

ही फ्लॉपी कुंकवात कशी गेली, तर दर खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, जोशीकाका फ्लॉपीची पूजा करायचे. हळद, कुंकू, फूल, उदबत्ती. मी डोक्याला हात लावायचो.

"काका, अहो खराब होईल ती!"

"अरे, सुतार रंध्याला लावतो, तू पकडीला लावतोस. माझं हत्यार हेच."

"मग कोरी तरी ठेवा."

"देवापुढं रिकामं ताट ठेवतोस का कधी?"

म्हणून दर खंडेनवमीला काका वर्षाचं सगळं काम नव्या फ्लॉपीवर उतरवायचे, ती पूजायचे आणि देवघराच्या फडताळात ठेवून द्यायचे. पुढं वर्षभर तिला हात नाही. मी दोस्तांना हे सांगून हसायचो. शहाणाच मोठा! त्याला आम्ही बॅकअप म्हणतो आणि गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगूनही कुणी घेत नाही.

आता त्या कुंकवाच्या फ्लॉपीचं कव्हर कापून चकती बाहेर काढली. भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकून बोटांनी अलगद धुतली. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो त्या डिस्टिल्ड वॉटरनं विसळली, सावलीत वाळवली, दुसऱ्या फ्लॉपीच्या कव्हरात सरकवली. दुसऱ्या दिवशी सविताला बोलावलं आणि हळूच ड्राइव्ह चालू केला. आवाज आला नाही.

चरा पडला तिथलं वाचता आलं नाही. पण तो भाग पहिल्या इमेजमध्ये धड होता आणि पहिलीत गेलेलं हिच्यात शाबूत. एकीच्या फाटक्या जागी दुसरीचं ठिगळ लावलं, दोहोंची मिळून एक इमेज केली. एम्युलेटर चालू केला. नाव आलं. एंटर दाबलं.

अकरा जानेवारी. पहाटे पाच चाळीस.

सवितानं तिथूनच फोन लावला. तारीख सांगितली नाही, नुसतं विचारलं, "आई, मी झाले तेव्हा काय चाललं होतं गं शेतात?"

"हुरडा भाजू राह्यले होते समदे," पलीकडून ऐकू आलं. "थंडी म्हणजे काय थंडी! तुला गोधडीत गुंडाळली अन् शेकोटीपाशी घेऊन बसले."

हुरडा ऐन थंडीतलाच, जानेवारीच्या आसपासचा. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं उठलो. काकांच्या नावानं मनातल्या मनात हात जोडले.

अकरा जानेवारीला सविताच्या घरून मला बोलावणं आलं. गयाबाईंनी लेकीला ओवाळलं, दोनदा, कारण एकदा ओवाळल्याचं विसरल्या. कुणी टोकलं नाही. मग माझ्याकडं वळल्या.

"भाऊ, तुमचा दिस कवा असतो?"

"एक जून."

"म्हंजे तुमचाबी मास्तरचाच! आई हाय का सांगायला?"

"नाही. जाऊन वीस वर्षं झाली."

"मंग बसा पाटावर. आजच्या दिवसात दोघं मावत्यात."

बसलो, साठी उलटलेला माणूस. त्यांनी कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. माझ्या खऱ्या तारखेची फ्लॉपी कुणाच्याच डब्यात नाही, पण त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या खंडेनवमीला मी माझ्या हार्ड डिस्कची ताजी कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढली, ती पाटावर ठेवली, रीतसर पूजा केली. कुंकू मात्र तिच्या डब्याला लावलं, डिस्कला नाही.